जुम्मे की रात

आजवर कुणालाच सांगितलं नाही: अनसिंगच्या एका विधवेचा खरा कागद मी खोटा ठरवला.

कचेरीत जुन्या कागदांवरच्या तारखांचे वार काढणं माझं काम. तिच्या विहिरीच्या कागदावर इंग्रजी तारखेपुढे 'जुम्मे की रात' होतं; ती मी शुक्रवारची रात धरली. माझ्या गणितात गुरुवार निघाला. 'वार जुळत नाही,' असा शेरा मी ठोकला.

"कागद खरा हाये, बाबू. तुमीच चुकून राह्यले," ती म्हणाली. साहेब हसले, मीही हसलो. तिची विहीर गेली.

पुढे एका गुरुवारी मंगरूळपीरच्या दर्ग्यापाशी फुलवाला म्हणाला, "आज जुम्मे की रात हाये, गर्दी होईन."

मुसलमानी दिवस मावळतीलाच सुरू होतो, म्हणून गुरुवारची रात हीच जुम्म्याची रात. फुलवाल्याला ठाऊक, ते वार काढणाऱ्या मला ठाऊक नसावं? आणि वर हसलो!

चूक माझी होती, हे तिला सांगणं अजून बाकी आहे.