मागच्या सीटवरचा रिमोट

गाडी मी जुनी घेतली, पण स्टिरिओ नवा बसवून घेतला. शाळेतून घरी येतानाचा तेवढाच वेळ माझा असायचा. घरी आले की स्टिरिओचं पुढचं पॅनेल काढायचं, चष्म्याच्या फडक्यानं पुसायचं आणि डबीत ठेवायचं. पत्त्याएवढा चपटा रिमोट पर्समध्येच असायचा. उन्हात तापलेल्या गाडीत तो मी कधी ठेवला नाही.

चैत्रात माझे थोरले दीर माझी गाडी मागून घेऊन जोतिबाच्या यात्रेला गेले. गाडी परत आली ती गुलालानं गुलाबी होऊनच. सीट धुता येते. पण पेनड्राइव्हच्या खाचेत गुलाल ठासून भरला होता आणि आवाजाचं बटण करकरत होतं.

"भाऊजी, पॅनेल काढून ठेवा म्हटलं होतं मी."

"गाण्याचा डबा हाय की त्यो. त्याला काय हुतंय?" चहा पीत ते म्हणाले. शेजारी बसलेले पाहुणे हसले. गुलालापेक्षा त्या हसण्याचा मला जास्त राग आला.

दुकानदारानं स्टिरिओ उघडला आणि नवाच घ्या म्हणाला. मी घेतला नाही. रिमोट तेवढा कपाटात राहिला.

दिवाळीत दिरांनी नवी गाडी घेतली. "तुझ्या गाडीत हुता तसलाच टेप बसवलाय. त्याच दुकानातनं," त्यांनी कौतुकानं सांगितलं. मी चांगलं केलंत म्हटलं आणि घरी जाऊन कपाट उघडलं.

इचलकरंजीला लग्नाला निघालो तेव्हा मी मागच्या सीटवर मधोमध बसले. दीर गाणं लावून स्टिअरिंगवर ताल धरत होते. मी पदराआडून रिमोटचं बटण दाबलं. आवाज गेला. त्यांनी पॅनेलला टिचकी मारली, मी आवाज परत आणला. हातकणंगल्यापर्यंत तर त्यांनी टिचक्या सोडून बुक्क्या मारायला सुरुवात केली होती.

"काय झालं, भाऊजी?"

"काय कळंना. काल तर बरा हुता."

दुकानात नेला की स्टिरिओ ठणठणीत. मी गाडीत बसले की बिघडलेला. पाहुण्यांसमोर ते आवाजाची फुशारकी मारू लागले की मी हमखास दाबायचे. पावसाळ्यापर्यंत मी ते सोडलं नाही. शेवटी त्यांनी वैतागून स्टिरिओच उपटून काढला, तेव्हा मला त्या रात्री गाढ झोप लागली.

नंतर एकदा शिरोळला जाताना गाडीत शांतता होती. पुढं बसलेल्या माझ्या जाऊबाई बोलायला लागल्या आणि थांबेनातच. माहेरचं, उसाचं, सुनेचं, सगळं.

"जरा गप बस की," दीर म्हणाले.

"टेप न्हाय आता. मलाच ऐका," त्या म्हणाल्या.

मी मागून म्हटलं, "सांगा अक्का, पुढं काय झालं?"