माझ्या नावावरचं प्रेशर

आमच्या घरात रोजची गोळी लागणं हे वाईट वळणाचं लक्षण मानत. ताप आला तर हरकत नाही, पाय मोडला तरी हरकत नाही. पण जन्मभराची गोळी म्हणजे त्या माणसाचा जिभेवर ताबा नाही, असा सरळ अर्थ. हे मत माझ्या मोठ्या दिरांचं, आणि त्यांचं मत तेच घराचं मत. ते हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. रोज पहाटे गावातल्या जुन्या मराठा राजवाड्याला वळसा घालून येत आणि आल्यावर कापी, म्हणजे कॉफी, पिताना म्हणत, "या वयात माझ्या पोटात एक गोळी नाही." माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघंच त्या घरात आहोत. मी खाली, ते माडीवर. जाऊबाई आधीच गेलेल्या. मुलं परगावी, त्यांचा मुलगा चेन्नईला, माझी मुलगी बेंगळूरला. त्यांचं दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे.

मी जवळच्या ओरत्तनाडू गावात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. तिथे एकदा आरोग्य केंद्राची माणसं सगळ्यांचं प्रेशर तपासायला आली. माझ्या दंडाला नर्सनं पट्टा बांधला, आकडा बघितला, मला पाणी दिलं, थोड्या वेळानं पुन्हा बांधला. मागे रांग थांबलेली. शिपायानं विचारलं, "काय झालं अम्मा?" मी म्हटलं, "मशीन बिघडलंय." नर्सनं माझ्याकडे पाहिलं आणि आकडा लिहून घेतला.

केंद्रात डॉक्टरांनी रक्त तपासून रोजची गोळी सुरू केली, आणि तिनंच मग मला यंत्र दिलं. आठवड्याला केंद्रात चकरा मारायच्या नाहीत. घरी सकाळी शांत बसायचं, पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा यंत्रातून मोबाइलमध्ये आणि मोबाइलमधून आपोआप तिच्याकडे. तो पाहून डॉक्टर गोळी कमीजास्त करणार. शिवाय मोबाइल रोज आठवण देणार. हे सगळं तिनं मला तमिळमध्ये इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की मला कारण सापडेना नाही म्हणायला.

यंत्र मी पातळांच्या कपाटात ठेवलं. दार लावून प्रेशर घेई. पट्टा फुगताना घुरघुर आवाज होतो, तो माडीवर जाऊ नये म्हणून पंखा मोठा करी. चोरी करणाऱ्यालाही एवढी धास्ती नसेल.

यजमानांच्या श्राद्धाच्या दिवशी गल्लीतली आमची मराठी माणसं जेवायला होती. पंगत बसलेली, मी वाढत होते. खिडकीत ठेवलेला मोबाइल एकदम बोलायला लागला. बाईचा गोड आवाज, तमिळमध्ये: "अम्मा, मात्तिरै साप्पिट्टींगळा?" गोळी घेतली का. आणि लगेच पुढे, मीठ कमी खा, अप्पळम टाळा. माझ्या हातात अप्पळमचंच, पापडांचं, ताट होतं.

दीर पानावरून मान न उचलता म्हणाले, "वाढणारीलाच गोळी लागते, तर जेवणाऱ्यांनी काय करावं?"

सगळे हसले. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन चुलीकडे तोंड करून उभी राहिले. कुणीतरी मागून ताक मागत होतं, तरी माझं पाऊल उचलेना. त्या दिवशी गोळी मी घेतली नाही. कुणाचा सूड म्हणून घेतली नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्याच रविवारी दुपारी दीर खाली आले. दारात उभे राहून म्हणाले, "ते यंत्र कसं चालतं बघू." मला वाटलं, पुन्हा थट्टा. पण त्यांनी शर्टाची बाही वर केली. इतक्या वर्षांत त्यांचा उघडा दंड मी पाहिला नव्हता. सैल, पांढुरका दंड. मी पट्टा बांधला, बटण दाबलं.

आकडा आला तो माझ्यापेक्षा कितीतरी वर. मी म्हटलं, "भावोजी, पुन्हा घेऊ."

पुन्हा तोच.

ते बाही खाली करत म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. मुलाला तर नाहीच."

"डॉक्टरांना दाखवू या."

"मी त्या रांगेत बसू? माझे विद्यार्थी असतात तिथे." आणि मग हळू, विनवल्यासारखं, "उद्या पुन्हा बघू. उतरेल."

उतरलं नाही. ते रोज सकाळी खाली यायला लागले. ते आकडे माझ्या नावावर नर्सकडे चाललेत, हे मला आधी सुचलंच नाही. सुचलं ते तिचा फोन आला तेव्हा. दीर समोरच बसले होते, दंडाला पट्टा तसाच.

"अम्मा, तुमचं प्रेशर फार चढलंय. गोळी घेता ना?"

"घेते."

"डोकं दुखतं? मान?"

मी दिरांकडे पाहिलं. त्यांनी मानेमागे हात नेला.

"मान दुखते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण मी खोटं बोलले म्हणून त्यांचे खांदे सैल झाले, ते मला दिसलं, आणि मला बरं वाटलं. या गोष्टीतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मी ते बरं वाटणं सांगेन.

डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली. केंद्राच्या खिडकीतून मी ती आणली आणि कापीच्या पेल्याशेजारी ठेवली. त्यांनी एक शब्द न बोलता घेतली. माझं प्रेशर मी मोजणं सोडलं, कारण एकाच नावावर दोन माणसांचे आकडे गेले असते तर उघडकीला आलं असतं. माझी जुनी गोळी तेवढी घेत राहिले. प्रेशर कुठे होतं, देव जाणे.

आकडे उतरू लागले. नर्स फोनवर म्हणे, "छान अम्मा." दिरांनी पानात ऊरुगाय, लोणचं, घेणं सोडलं, आपलं भांडं आपण विसळू लागले. "आज किती?" असं रोज विचारत. यजमान गेल्यापासून मला रोज काही विचारणारं कुणी नव्हतं. विचारत ते स्वतःबद्दलच, तरी मी सकाळची वाट पाहायला लागले होते.

एके दिवशी जेवून उठताना ते खांबाला धरून उभे राहिले आणि तसेच घसरले. भुवईवर खोक पडली. मी पाणी मारलं, हळद लावली. शुद्धीवर येताच म्हणाले, "पाय घसरला." त्यांचे पाय सुजलेले होते, ते मी त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी कापीबरोबर मी गोळी दिली नाही. त्यांनी मागितली. मी दिली.

त्याच आठवड्यात नर्सचा फोन आला. केंद्रात प्रेशरवाल्यांची बैठक आहे. मोबाइलवर ज्यांना चांगला गुण आला त्यांनी दोन शब्द बोलायचे. "तुम्ही याच, अम्मा. तुमच्याइतकं उतरलेलं दुसरं कुणी नाही."

दीर म्हणाले, "मीही येतो सोबतीला." सोबत कशासाठी, ते मला कळलं होतं: मी तिथे काय बोलते ते ऐकायला.

केंद्रात खुर्च्या मांडलेल्या. शेतातून तशाच आलेल्या बायका, दोन-तीन म्हातारे. दीर शेवटच्या ओळीत, भुवईवर पट्टी. नर्सनं माझं कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले. पाठ केलेलं होतं: मीठ कमी केलं, चालायला लागले. पहिल्या ओळीतली एक बाई तोंड उघडं टाकून ऐकत होती, तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, "ते आकडे माझे नाहीत."

नर्सला वाटलं मी भीतीनं बोलतेय. ती म्हणाली, "सावकाश, अम्मा."

"माझ्या घरातल्या एकाचे आहेत. नवी गोळीही तेच घेतात. परवा चक्कर येऊन पडले."

नर्सनं मला बाजूला नेलं. ती रागावली नाही. रागावली असती तर ते सोसलं असतं. ती म्हणाली, "ती गोळी देण्याआधी आम्ही रक्त तपासतो. तुमचं तपासलेलं होतं, म्हणून दिली. त्या माणसाची किडनी कशी आहे, कुणाला माहीत? कोण आहे ते?"

मी दिरांकडे पाहिलं नाही, पण ते उठतील म्हणून थांबले. खुर्ची वाजली नाही. शेवटी मी म्हटलं, "मी त्यांना घेऊन येते." आणि मान खाली घालून बाहेर पडले. पट्टीवरून नर्सनं ओळखलं असणार. दीर माझ्यामागून थोडं अंतर ठेवून आले. बसमध्ये ते पुढे बसले, मी मागे.

माझ्यासोबत केंद्रात ते आले नाहीत. गोष्ट चेन्नईपर्यंत पोचली, त्यांचा मुलगा आला आणि त्यांना मोठ्या खासगी दवाखान्यात घेऊन गेला. किडनीला थोडा त्रास होता, वेळेवर सापडला. वेगळी गोळी सुरू झाली. निघण्याआधी मुलगा खाली आला, चप्पल न काढता म्हणाला, "काकी, अप्पांना तुमच्या गोळ्या कशाला देत होता? त्यांनी मागितल्या नव्हत्या म्हणतात."

माडीच्या जिन्यावर दीर उभे होते. मी वर पाहिलं. ते कठडा धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, पंगतीत टोमणा मारणारे ते हे नव्हेत. मी म्हटलं, "चुकलं माझं."

आता त्यांना बाहेरून डबा येतो. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की मी दिरांना भलत्या गोळ्या घातल्या. माझं प्रेशर नर्सनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं, तेही वाढलेलंच निघालं. मुलगी फोनवर म्हणते, "आई, खरं काय ते सगळ्यांना सांग." सांगता येईल. पण परवा दीर फाटकाशी भेटले, फिरून आलेले, सूज उतरलेली, तब्येत बरी दिसत होती. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं. त्याआधीच मी खाली बघितलं आणि त्यांना वाट दिली.