आबांच्या सायकलची नवी मूठ

माझ्या वडिलांची, आबांची, सायकल विलायती आहे. जिनिंग मिलच्या एका साहेबाने धरणगाव सोडताना ती विकली आणि आबांनी घेतली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तिचे तीन गिअर बाहेर कुठेच दिसत नाहीत, ते मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या पोटात असतात. हबमधून बोटभर साखळी बाहेर येते, तिला तार जोडलेली, आणि तारेचं दुसरं टोक हँडलवरच्या खटक्याला. तार ओढली की गिअर हलका, सैल सोडली की जड.

हा खटका अंगठ्याने दाबायचा. संधिवाताने आबांचा उजवा अंगठा कामातून गेला, हलका गिअर पडेना, आणि शेताच्या वाटेवरचा चढ त्याशिवाय चढवेना. कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. त्यामुळे शेतात जाणंच बंद झालं. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आमच्याकडे शेतीचे वर्षाचे करार आखाजीलाच होतात. धाकट्या भावाने शेत बटाईने, निम्म्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरवून माणूसही बघून ठेवला. आबा नुसतं "दी टाक" म्हणाले आणि ओट्यावर बसून राहिले.

मला ते बघवेना. मी धुळ्यात राहते. तिथल्या दुकानातून नव्या सायकलींना असते तशी फिरवायची मूठ आणली, डाव्या हाताची. ती पंज्याने पिळायची, अंगठ्याचा संबंध नाही. दुकानदार म्हणाला, जुन्या हबला ही चालणार नाही. न चालायला काय झालं? तार ओढायची तेवढंच तर काम! आकडे मात्र उलटे पडत होते, एकवर जड आणि तीनवर हलका. ते मी काळी टेप लावून झाकून टाकले.

धरणगावच्या अंगणात सगळे करतात तशीच मी सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर. कलंडू नये म्हणून हँडल भिंतीकडे वळवलं. मुठीला बारीक बारीक खटके होते. कुठल्या खटक्यावर कुठला गिअर बसतो ते बघत एकेक पुढे सरकले. तार जास्त ओढली तर हबमधली जुनी साखळी तुटायची, आणि ती आता मिळणार कुठे, ही धाकधूक होतीच. शेवटी तिन्ही गिअर बसले. हाताने पायडल फिरवून खात्री केली आणि आबांना हाक मारली.

आबांनी आयुष्यभर टांग मारूनच सायकल धरलेली. डावा पाय पायडलवर, दोन उड्या, सगळा भार त्या एका पायावर. पायडल एकदम रिकामं फिरलं आणि आबा पुढे फेकले गेले. भिंत हाताशी होती म्हणून वाचले, कोपर तेवढं खरचटलं.

"ताई, बस झालं आता," भाऊ म्हणाला. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. सायकल परत ओढून घेतली.

घोळ हँडलचा होता. तारेवरचं कव्हर मी आखूड कापलं होतं. हँडल वळवलेलं असताना तार ताणून राहिली, सरळ करताच सैल पडली, आणि मधला गिअर अर्धवट सुटला. नवं लांब कव्हर घातलं, सायकल चाकांवर उभी करून, हँडल सरळ धरून तार पुन्हा लावली. मग पंजाबी ड्रेसमध्ये गल्लीभर मीच टांग मारत फिरले. शेजारणी पदराआड हसत होत्या. हसू देत. पायडल एकदाही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा निघाले. मी चढापर्यंत मागे पळत गेले. त्यांनी मूठ पिळली, पायडल क्षणभर थांबवून पुन्हा मारलं आणि न उतरता चढून गेले. मी रस्त्याच्या कडेलाच बसले आणि पोटभर रडून घेतलं.

ऊन वर आल्यावर ते परतले. कापूस वेचून झाला तरी न उपटलेल्या झाडांवरून दारातूनच भावावर ओरडले, "पऱ्हाटी आजून उभी शे! कोनी दखं नही का?"

भावाने माझ्याकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि बटाईच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. आबा ओरडतच होते. ते थांबू नयेत असं मला वाटत होतं.