न चाखलेली भज्जी

मार्गशीर्षातल्या अमावास्येला सोलापूरकडची माणसं शेतात जाऊन जेवतात, हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या भंडाऱ्याकडं असलं काही नसतं. इथं त्याला येळवस म्हणतात. आदल्या दिवशी मंडई नुसती हिरवी होते. तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, मेथी, चुका, कांद्याची पात, मधूनच लाल गाजरं. हे सगळं चिंचेच्या पाण्यात, बेसन लावून, एकाच पातेल्यात शिजवायचं. ती भज्जी.

मी आठवीत शाळा सोडली. ठेकेदाराबरोबर इकडं आलो, काम बंद पडलं, ठेकेदार निघून गेला. भवानी पेठेतली एक खानावळ चालवणाऱ्या काकूंनी मला आधी जेवायला वाढलं आणि मग नाव विचारलं. तो क्रम मी विसरलेलो नाही. भांडी घासता घासता त्यांनीच मला चुलीपुढं आणलं. त्यांना माझ्यापायी कुणापुढं मान खाली घालावी लागू नये, ही धास्ती मला तेव्हापासून आहे. उगीचच असेल, पण आहे.

त्या वर्षी काकू मोरीत घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. येळवस तोंडावर आलेली. त्या सरळ म्हणाल्या, "यंदा भज्जी तू करायची."

सणाला आलेली त्यांची नणंद शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. "वयनी, निवदाचा सैपाक हाय. कोण कुठला गडी…"

"रोज इतकी माणसं त्याच्याच हातचं खात्यात की."

"रोजचं येगळं. आण्णाला काय सांगशीला?"

आण्णा म्हणजे नणंदेचे थोरले भाऊ, काकूंचे दीर. शेत तेच बघतात. घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"खाऊ द्यात, मग सांगीन," काकू म्हणाल्या.

झालं. आता भज्जी बिघडली तर ती माझी एकट्याची बिघडणार नव्हती.

पहाटे पातेलं चढवलं. दाणे शिजले, पालेभाजी पडली, बेसन कालवून लावलं. सवयीनं पळी उचलून तळहातावर थेंब घ्यायला गेलो, तोच काकू ओरडल्या, "आरं, खुळा का काय तू! निवदाआधी तोंडाला लावत्यात व्हय?"

"थोडंसंच चाखतो जी."

"आलं बगा, जी जी करत," नणंद हसली. "देवाला उष्टं घालणार हाय ह्यो."

"मग मिठाचं कसं कळणार?"

"अंदाजानं," काकू म्हणाल्या.

मला अंदाज कधीच नव्हता. मला जीभ होती. मापं, वाट्या, चमचे यांच्यावाचून माझं चालायचं, कारण प्रत्येक गोष्ट मी चाखून करायचो. आता तीच बंद.

मूठभर मीठ घेतलं. तेवढ्यात नणंदेनं हाक मारली, "अंबील उतू चाललंय, धर की!" मी धावलो. ज्वारीच्या अंबिलाचं भांडं दोन्ही हातांनी खाली उतरवलं. परत येऊन बघतो तर मूठ रिकामी. हात ओला. मीठ भज्जीत पडलं, का मी ते धावताना डब्यात परत टाकलं?

"मी मीठ टाकलं का हो?"

"मला काय ठावं? आचारी तू," नणंद म्हणाली.

"टाकलं असशील की," काकू म्हणाल्या. पण त्यांचं तोंड दुसरीकडं होतं.

डब्यात पाहिलं. मीठ होतं तेवढंच वाटत होतं. पुन्हा पाहिलं, तर कमी वाटलं. परत टाकावं तर खारट, न टाकावं तर अळणी. भज्जी रटरटत होती, आणि मी तिच्याकडं नुसता बघत उभा. शेवटी काहीच केलं नाही. टेम्पोत पातेलं पायांत धरून अक्कलकोटच्या बाजूला शेतावर गेलो. वाटभर मला एकच दिसत होतं, आण्णांचं तोंड.

कडब्याची खोप केलेली होती. आत पांडव म्हणून मांडलेले, चुना लावलेले पाच दगड. त्यांना निवद दाखवला आणि पंगत बसली. मी वाढत होतो. आण्णांनी बाजरीच्या पिठाचा उकडलेला उंडा भज्जीत कुस्करला, घास घेतला, चावत राहिले.

"कुणी केली?"

"ह्यानं," काकू म्हणाल्या. "भंडाऱ्याचा हाय."

"लई लांबचा की," असं म्हणून त्यांनी मागं हात टाकला, हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले आणि भज्जीत चुरले. हरभऱ्याच्या पाल्याला आंबट-खारट चव असते, हे मला माहीत होतं. नणंदेनंही पाला खुडला. काकू मात्र खाली बघून डाव्या हातानं भज्जी तशीच खात होत्या. ही यांची रीत होती, की मीठ नव्हतं? कुणाच्याच चेहऱ्यावरून काही कळेना.

शेवटी राहवलं नाही. "मीठ कमी झालं का जी?"

"कुणी म्हनलं?"

"नाही, पाला घेतला म्हणून…"

"शेत आमचं, पाला आमचा. खाऊ नगं व्हय आमी?" सगळे हसले. मग आण्णा पोत्यावर जरा सरकले. "हुबा काय ऱ्हायलाईस? बस हितं."

मी त्यांच्या आणि नणंदेच्या मधे बसलो. नणंदेनंच मला वाढलं. घास तोंडात घातला. तुरीचा कोवळा दाणा लागला, चुका लागला, चिंच लागली. मीठ? जीभ भीतीनं इतकी कोरडी पडलेली की काही ठरेना. दुसरा घास घेतला, तरीही नाही.

"सांग आता," काकू म्हणाल्या, "हाय का मीठ?"

"समजत नाही जी."

"मग आमाला कशाला इचारतूस?" म्हणत आण्णांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. मी वाढलं. ते म्हणाले, "फुडल्या साली चुका जरा जास्ती टाक."

मी हो म्हणालो.