मोरचुदाचा निळा

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून निळा रंग वाटला. मी खलबत्त्यात मोरचूद कुटत होतो, बायको डिंकाचं पाणी फडक्यातनं गाळत होती.

"आवं, हळू कुटा. नाकात जातंय."

"मग पदर लाव की तोंडाला."

दोघांनी बिनघोर केलेलं ते शेवटचं काम. पुढं लय वर्षं संसार झाला, पण रंगाच्या भांड्याला तिनं परत हात लावला नाही. ती गेली त्याला आठ महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहितो. चुका निघतील, निघू द्या.

मी तेव्हा तासगावकडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. गोष्ट सत्तर सालानंतरची. माझं शिक्षण जुनी सातवी. दुकानाच्या पाट्या रंगवायचो, ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिलेल्या, तेवढ्यावर मला घेतलं. पोरांकडं रंगपेट्या नव्हत्या, म्हणून मी घरीच रंग करायचो. गेरू, काजळी, हळद. निळा तेवढा जमत नव्हता. एका बागायतदाराची ट्रॉली रंगवायला गेलो तर शेडात मोरचुदाचे खडे दिसले, द्राक्षावर फवारायला आणलेले. असला निळा मी कधी बघितला नव्हता. मागितला, त्यानं पिशवीभर दिला. किडीचं औषध पोरांच्या हातात देऊ नये हे कळायला शाळा लागत नाही. पण आमच्यात खरजेला मोरचूद लावायचे. माझ्या लेखी ते औषधच.

त्या दिवशी आठवीचा तास होता. फळ्याला गोकर्णाचा वेल टांगला आणि वाट्यांतनं निळा वाटला. ब्रशाचं टोक ओठात धरून काढायचं, हे मीच शिकवलं होतं. मलाही तसंच शिकवलेलं.

मागनं एकजण म्हणाला, "सर, रंग तुरट लागतोय."

"रंगवायला दिलाय, चाखायला न्हाई."

वर्ग हसला. मीही हसलो.

तास संपायच्या आत तिघं ओकली. दोघं सावरली. तिसरी पोरगी वर्गात सगळ्यात चांगली चित्रं काढायची. प्रत्येक पाकळीला नवं टोक, मी सांगितलं तसं. ज्यांना चित्रकलेचा कंटाळा होता ती पोरं वाचली. ही पोरगी निळसर हिरवं ओकत होती, पोट धरून वाकडी झालेली. तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? हेडमास्तर म्हणाले, शिळंपाकं असेल काहीतरी. मी शेजारीच उभा होतो. मला ओकारीचा रंग दिसत होता. मी बोललो नाही. नोकरी जाईल, पोलीस नेतील, एवढंच डोक्यात.

घरी आलो. बायकोला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "डाक्टरला सांगितलं?"

"न्हाई."

"मग हितं कशाला आलायसा?"

"नोकरी जाईल गं."

"जाऊ दे. पोरगी गेली तर मी तुमच्या ताटात भाकरी वाढायची कशी?"

दिवेलागणीला दवाखान्यात परत गेलो. मोरचुदाची पिशवी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी एकदाच माझ्याकडं बघितलं आणि नर्सला हाक मारली. अंड्याचं पांढरं, दूध, नळी, सलाइन. मला म्हणाले, "दुपारी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता सकाळी कळेल."

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात पोरीचा बाप बसलेला. मिलिटरीतनं सुट्टीवर आलेला गडी. मला बघून सरकला, बाकावर जागा केली.

"बसा मास्तर. पानी पोटात ठरलं तिच्या. वाचली म्हनत्यात."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. रंग माझा, ब्रश तोंडात घालायला मीच शिकवलं, आणि दुपारभर गप्प बसलो तेही. वाटलं आता हा उठतोय.

तो उठला नाही.

"वर्गात पोरं किती?"

"बेचाळीस."

"समद्यांनी तोंडात घातलं?"

"व्हय. मीच सांगितलेलं."

"त्यांच्या घरी ठावं हाय?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग माझ्याफुडं का हुबा हाय तुमी? कोन घरात लोळत असंल, बघा जावा."

डॉक्टरांना विचारलं. दूध पाजा, कुणाचं पोट दुखत असेल तर इकडं आणा, म्हणाले. मी निघालो. पहिलं घर दवाखान्यामागच्या गल्लीतलं. दारात बाई सडा टाकत होती. मी चपला काढल्या आणि तिच्या पोराचं नाव घेऊन म्हणालो, "त्यानं काल काय खाल्लं, ते माझ्याकडनं ऐका."