सुभेदारांचा गुलाब आणि मुद्दा क्रमांक चार

"नर्सरीवाल्यानं फशिवलं. लिवा अर्ज," असे म्हणून निवृत्त सुभेदारांनी एक फांदी माझ्या टेबलावर ठेवली. तिला पांढऱ्या बारीक फुलांचा घोस होता. सोबत त्यांच्या पत्नी मालनबाई होत्या.

मी साताऱ्यात कचेरीबाहेर बावीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझा मसुदा दुरुस्त करण्याचा प्रसंग वकिलांवरही क्वचितच आला आहे. मी प्रथम हकीकत विचारली.

मालनबाईंचे माहेर सांगलीकडे, नदीकाठच्या काळ्या मातीत. तेथे त्यांच्या आईने लावलेला वासाचा गुलाबी गुलाब होता. घर पाडायचे ठरले, तेव्हा त्यांनी तिकडच्या नर्सरीतील बाळगोंडा आण्णांकडून त्याचे एक रोप करून घेतले. मूळ झाड घराबरोबर गेले. उरले ते हे एकच रोप, आणि त्याला फुले आली ती पांढरी.

"आईचं झाड हाय म्हणून सांगितलं हुतं मी त्यास्नी," मालनबाई एवढेच बोलल्या.

"आधी नोटीस, मग ग्राहक मंच," मी सांगितले.

तपशील भक्कम असावा म्हणून मी निगराणीची बारीक चौकशी केली आणि मुद्दा क्रमांक चार असा लिहिला: 'अर्जदाराची जमीन मुरमाड असल्याने अर्जदाराने पत्नीच्या माहेरची काळी माती दोन पोती आणून खड्ड्यात भरली, तसेच रोगट बारीक काड्या छाटून बुंध्यातून येणारे जोमदार फुटवे पोटच्या पोराप्रमाणे वाढविले.' नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली.

आठवड्याने आण्णा स्वतःच सुभेदारांच्या दारात हजर झाले. मला बोलावणे आले.

"ह्ये कुणी लिवलंय?" आण्णांनी नोटीस पुढे करून विचारले.

"मी."

"लय झ्याक लिवलंय. चार नंबर वाचा बघू मोठ्यानं."

मी वाचला.

"बास. समदं ह्यातच आलं."

आण्णांनी खुलासा केला. गुलाबाचे रोप दोन झाडांचे असते. खाली जंगली गुलाबाचे मूळ, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीत हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, बसवतात. त्या जोडाच्या वर फुटेल तो आपला गुलाब; खाली फुटेल तो जंगली, आणि तोच जास्त जोमदार.

"तुमच्या मुरमाला चालावा म्हणूनच असला खुंट घेतला हुता," आण्णा म्हणाले. "मुरमातनं पाणी निचरतंय. तुमी काळी माती भरलासा, पावसात खड्डा तुंबला. डोळा आजारी पडला, आन् तुमी त्योच छाटलासा."

मालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "पल्टनीतबी असंच करत हुतासा व्हय? बारका दिसला की कापा?"

"आगं, तुझ्या माहेरची माती म्हणून आणली हुती," सुभेदार हळूच म्हणाले.

मालनबाईंनी आतून खुरपे आणून आण्णांपुढे ठेवले.

आण्णांनी गुडघे टेकून माती उकरली. जोडाच्या वर छाटलेल्या काडीचे वाळलेले थोटूक होते. त्याच्या आडोशाला बोटाएवढी एक हिरवी काडी जिवंत होती.

"बाई, ह्ये तुमच्या आईचं. जगंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

त्यांनी पांढऱ्या फुलांचे सर्व फुटवे मुळाशी तोडले, काळी माती निम्मी उपसून मुरूम आणि शेणखत मिसळले. काडीवरचा एक डोळा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून नेला, दुसऱ्या खुंटावर बसवण्यासाठी.

साताऱ्याची काडी पंधरवड्यात वाळली. आण्णांनी नेलेला डोळा मात्र लागला. पुढल्या हिवाळ्यात ते रोप आले आणि निव्वळ मुरमात लावले गेले. पहिले गुलाबी फूल उमलले तेव्हा मालनबाईंनी ते खुडले नाही. खुर्ची आणून शेजारी बसल्या, आणि सुभेदारांना कात्री घरात ठेवून यायला सांगितले.

नोटीस मी लेखी मागे घेतली. मसुदा उत्तम होता, असे माझे आजही मत आहे. तथापि झाडाविषयीची तक्रार आता मी झाड पाहिल्याशिवाय लिहीत नाही. आणि पक्षकार सांगेल ते सर्वच कागदावर उतरवीत नाही.