नौपाड्यात कुणीतरी हात मागितला

काचबिंदूनं आईची दृष्टी गेली, तेव्हापासून मी देवासमोर हात जोडणं सोडलं होतं. भांडण वगैरे काही नव्हतं; आतून काही उमटतच नसे. जिनं आयुष्यभर देवीची पूजा चुकवली नाही, तिच्याच डोळ्यांपुढे अंधार यावा, हे मला पटवून घेता येत नव्हतं. आई मात्र कोपर स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्यांत रोज सकाळी चाचपडत देवघरापाशी बसायची, बोटांनी मूर्तीचं कपाळ शोधून कुंकू लावायची आणि ‘आई जगदंबे’ म्हणत उठायची. मी ऑफिसला निघायच्या घाईत ते पाहायची आणि न पाहिल्यासारखं करायची.

माझा स्वतःचा चष्मा लहानपणापासूनचा, जाड भिंगांचा. गेल्या वर्षी आईला बाजारातून घरी आणताना मागून कुणाचा तरी धक्का लागला, चष्मा खाली पडून फुटला आणि आईचा हात सुटला. ती हाका मारत होती आणि मला समोर नुसते रंगांचे डाग दिसत होते. त्यातला आईचा कुठला, ते कळेना. एका भाजीवालीनं तिला धरून माझ्यापाशी आणलं. सगळं क्षणात मिटलं, पण माझ्या मनात ते घर करून बसलं. आम्हा दोघींत एकीला तरी धड दिसायला हवं, म्हणून मी लेझरचं ऑपरेशन करायचं ठरवलं.

ठाण्यात माझ्या ऑफिसजवळ, नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ निघाला, त्यामुळे त्याचा फक्त वरचा थर पुसून लेझर वरच्या वरच करावा लागणार होता. दुखेल जास्त आणि स्वच्छ दिसायला वेळ लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आईच्या काचबिंदूबद्दल ऐकल्यावर ते म्हणाले, “नंतरच्या थेंबांनी डोळ्यांतलं प्रेशर वाढू शकतं, म्हणून ते चालू असतील तोवर तपासायला यायचंच. तुमच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.” मी मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी शेजारच्या काकू सोबत आल्या, आणि आईही हट्टानं आली. आत मला आडवं केलं, थेंब घालून डोळा बधिर केला, पापण्या उघड्या राहतील अशा अडकवल्या. वर एक हिरवा दिवा होता, त्याच्याकडे बघत राहायचं होतं. डॉक्टर वरचा थर पुसू लागले तसा तो दिवा पसरत गेला, विरघळला, आणि कुठे बघायचं तेच कळेना. केस जळल्यासारखा वास आला. आई रोज हेच बघते, एवढा एकच विचार डोक्यात आला आणि छाती धडधडू लागली. माझ्याही नकळत तोंडून निघालं, “आई जगदंबे.” ही हाक घरच्या आईला होती की देवीला, ते मला आजही सांगता येणार नाही. “हां, अशाच स्थिर राहा. झालंच,” डॉक्टर हळूच म्हणाले. श्वास सावकाश झाला आणि त्या धुरकट हिरव्यावर माझी नजर ठरली.

पुढचे काही दिवस वाईट होते. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं, उजेड सोसायचा नाही. पडदे लावलेल्या खोलीत मी पडून असायची. काकू वेळच्या वेळी येऊन थेंब घालायच्या. बाकी सगळं आई करायची. अंधारात ती माझ्यापेक्षा कितीतरी सहज वावरत होती. चहाचा कप माझ्या हातात नीट बसेपर्यंत तिची बोटं त्याला धरून असायची. एके दुपारी, अजूनही सगळं धूसरच दिसतंय म्हणून मला रडू फुटलं. मी विचारलं, “आई, तुला देवीचा राग नाही गं येत?”

“येतो की,” ती म्हणाली. “रोज भांडते तिच्याशी.”

“मग तरी पूजा करतेस?”

“अगं, भांडायला तरी कुणीतरी हवं ना आपलं. आणि भांडून झालं की मन हलकं होतं. मग म्हणते, बाई, आता तूच बघ. मला नाही दिसत.”

शेवटचं वाक्य तिनं हसत म्हटलं. मला हसू आलं नाही.

हळूहळू मात्र नजर उघडली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरचे काळे मिरे दिसले, तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले. कामावर रुजू झाले. थेंब चालूच होते, पण इतकं छान दिसत असताना प्रेशरची तपासणी मागे पडली. या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत राहिले. दुखत तर काहीच नव्हतं.

एका संध्याकाळी ठाण्याच्या ऑफिसमधून निघून नौपाड्यातून स्टेशनकडे चालले होते. फुटपाथच्या कडेला एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, नऊवारीतल्या, डोळ्यांवर काळा चष्मा. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, “बाळ, जरा हात देतेस? पलीकडे डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. समोरून दिव्यांचा झोत आला की मला काही सुधरत नाही.”

मला घाई होती. पण त्यांनी माझा दंड कोपराच्या वर धरला, अगदी आई धरते तसा, आणि मग नाही म्हणणं जमलं नाही. रस्ता ओलांडून जिना चढलो तर दवाखाना माझाच. बाईंना मी बाहेरच्या बाकावर बसवलं. काउंटरवरच्या ताईंनी मला ओळखलं. “अहो, किती फोन केले तुम्हाला! आलाच आहात तर प्रेशर बघून जा.”

ते बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासलं, मग माझ्याकडे बघत म्हणाले, “थेंबांमुळेच झालंय. आज बदलून देतो. हे असंच राहिलं असतं तर आतली नस गेली असती, आणि तुम्हाला कळलंही नसतं. तुमच्या आईची नसही अशीच नकळत गेली असेल.”

बाहेर आले तेव्हा बाकावर बाई नव्हत्या. त्यांचं काम आटोपलं आणि त्या निघून गेल्या, असं काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं माझ्या दोन्ही डोळ्यांवरून अलगद हात फिरवला. मला वाटलं, आता म्हणेल की देवीच आली होती. तिनं विचारलं, “त्यांना परत जिना उतरवायला कुणी होतं का गं?”

मला ठाऊक नव्हतं. मी ते पाहिलंच नव्हतं.

नंतरच्या तपासण्यांत प्रेशर उतरलं, नस शाबूत होती. दर वेळी दवाखान्यात गेले की मी त्या बाकाकडे बघते, पण त्या पुन्हा भेटल्या नाहीत. त्या कोण होत्या, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. आईचे डोळे का गेले, याचंही उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण माझी नजर माझ्या एकटीच्या सावधपणावर टिकलेली नाही, एवढं आता कळतं. आता सकाळी आई पूजेला बसली की मीही बाजूला बसते. मागण्यासारखं काही सुचत नाही. आईच्याच शब्दांत म्हणते, बाई, तूच बघ. आणि मग नौपाड्यातल्या त्या बाई जिथे असतील तिथे त्यांना कुणाचा तरी हात मिळू दे, एवढं मागून उठते.